जित्या आईचे पिंड

"त्या पोरी ह्या घरात आल्या, तर मी तुझ्या हातचं पानी पिनार न्हाई," असं मी साम्फोस वैनीला भर चिखलात उभी राहून सांगितलं.

आम्ही दोघी भाताची रोपं उपटत होतो. गुडघाभर चिखल, पाठीवर भाजणारं ऊन आणि पोटऱ्यांना जळवा. वैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ सरहद्दीपलीकडं थायलंडात इमारतींच्या कामावर, वर्षातनं दोनदा घरी येणार. पोटी लेकरू नाही. माझं घर तिच्या घराला लागून, आणि मी नवऱ्यामागं एकटी. म्हणून तिच्या संसारात नाक खुपसायचा हक्क मी आपला आपणच घेतलेला.

"नका पिऊ, वन्स," ती जुडी बांधत म्हणाली. "विहीर तुमच्याच दारात हाय."

झालं होतं असं, की बातंबांग शहरातलं एक बालगृह कोर्टानं बंद पाडलं. चाळीस पोरं उघड्यावर आली. त्यांच्या घरच्यांचा तपास लागेपर्यंत त्यांना गावागावांतल्या घरांत ठेवायचं ठरलं. लिदा नावाची समाजसेविका आमच्या च्रे गावात विचारत आली, आणि सगळ्या बाया पायाचे अंगठे बघत बसल्या असताना आमच्या वैनीनं हात वर केला. आमची वैनी अशी, की ताटावरची माशी हाकलायची तर तिलाही आधी बसायला पाट देईल.

चौथ्या दिवशी पोरी आल्या. थोरली रुमदुल नऊ वर्षांची, धाकटी कोलाप पाच. दोघींची नावं फुलांची. गाडीतून उतरल्या त्या सरळ अंगणात एकीशेजारी एक उभ्या राहिल्या, छातीशी हात जोडले, चेहऱ्यावर रंगवल्यासारखं हसू आणलं आणि गायला लागल्या:

"आम्हाला आई नाही, आम्हाला बाप नाही, तुम्हीच आमचे मायबाप."

गाणं संपल्यावर कोलापनं मुठीनं डोळे पुसले. डोळे कोरडे ठाक. मग दोघी तशाच उभ्या.

"आता कशाची वाट बघत्यात गं ह्या?" मी लिदाला विचारलं.

"टाळ्यांची," लिदा म्हणाली आणि खाली बघायला लागली.

टाळी कोणी वाजवली नाही. माकडवाल्याच्या माकडाला उड्या शिकवतात तसं कोणीतरी ह्या लेकरांना अनाथपण शिकवलं होतं.

वैनीनं कडुनिंबाचा पाला उकळून दोघींना न्हाऊ घातलं. अंगभर खरूज, डोक्यात उवांचं वारूळ. कोलापच्या परकराच्या कडेला एक गाठ होती, ती सोडू देईना. चावली. वैनीनं चावू दिलं, आणि हळूच गाठ सोडली. आत भात होता. आंबलेला, निळा पडलेला, त्यात अळ्या वळवळत होत्या. मी बाजूला जाऊन ओकले. वैनीनं मात्र तो केळीच्या पानावर नीट काढून ठेवला.

"हा कोंबड्यांना घालू," ती म्हणाली. "तुला मी ताजा बांधून देते. रोज देईन."

आणि रोज दिलान. रोज संध्याकाळी जेवणं झाली की मूठभर ताजा भात त्या गाठीत बांधायचा, सकाळी सोडून कोंबड्यांना टाकायचा. बाराव्या दिवशी कोलाप गाठ बांधायची विसरून झोपली. वैनी त्या दिवशी मला म्हणाली, "वन्स, आज सण हाय." मी म्हटलं, "कशाचा?" ती नुसती हसली.

हळूहळू रुमदुलच्या तोंडून एकेक गोष्ट बाहेर यायला लागली. बालगृहाच्या मालकाला सगळ्या पोरांनी 'पप्पा' म्हणायचं. देणगी देणारे पाहुणे येणार असले की तीन दिवस अंघोळ नाही, म्हणजे पोरं बिचारी दिसतात. एका पोरानं पाहुण्यांसमोर "माझी आई गावाकडं आहे" म्हटलं, तर त्याला दोन दिवस उपाशी ठेवलं. आणि पितरांचे पंधरा दिवस आले की पप्पा सगळ्यांना पांढरे कपडे घालून देवळात न्यायचा. पोरांनी आपल्या मेलेल्या आईबापांच्या नावानं भाताचे पिंड टाकायचे, आणि पाहुण्यांनी ते बघून रडायचं.

"मी तीन वर्सं टाकले आईला," रुमदुल म्हणाली. "दरसाल मोठ्ठा वळायचे."

मी डोक्याला गुंडाळलेलं फडकं, क्रामा, सोडून तोंडावर दाबला. भोवतालचं जग मला नासक्या मासळीसारखं घाण वाटायला लागलं होतं.

तीन आठवड्यांनी लिदा बातमी घेऊन आली. चाळीसातल्या तीस पोरांची आई नाहीतर बाप जिवंत आहे. आणि ह्या दोघींची आईसुद्धा. नाव सावेत. नदीपलीकडं आंग स्वाय गावात राहते.

"जिती हाय आनी पोरी तिथं टाकल्या?" मी म्हटलं. "पोटच्या पोरी इकून खाल्ल्यान म्हना की."

"इकल्या नाहीत, मावशी," लिदा म्हणाली. "नवरा कामावर पडून गेला. धाकटी तान्ही होती. हा माणूस दारात आला, म्हणाला शाळा देतो, आठवड्याला तीनदा मासळी देतो, वाटेल तेव्हा भेटायला या. तिनं अंगठा दिला. पुढं भेटायला गेली तर सांगितलं, पोरी परदेशात पाठवल्या. फाटकातनं हाकलली."

"सांगायला काय जातंय."

वैनीनं माझ्याकडं असं बघितलं की मी सुपातले तांदूळ निवडायला लागले.

सावेत पुढच्या रविवारी नावेतून आली. वाळकी, काळी, हाताच्या बोटांना भेगा. पाय धुऊन आली होती, तरी घराखालच्या सावलीत येताना कडेकडेनं आली. आमची घरं खांबांवर, खाली मोकळी जागा. आल्यागेल्याला तिथं बाजेवर बसवायची रीत. मी तिला बस म्हटलं नाही. तिच्या कपड्यांना आंबट वास येत होता, दारूचा. मी नाकाला पदर लावला, तिला दिसेल असा.

वैनीनं पोरींना पुढं आणलं. कोलापला आई आठवतच नव्हती. ती वैनीच्या मागं लपली. रुमदुल आईकडं टक लावून बघत राहिली. मग छातीशी हात जोडले आणि गाण्यातल्यासारख्या आवाजात म्हणाली, "माझी आई मेली."

सावेत हलली नाही.

"मेली हाय," रुमदुल पुन्हा म्हणाली. आता आवाज कापत होता. "मी तिला पिंड टाकलाय. तीन वर्सं."

मला वाटलं, आता ही बाई ऊर बडवणार, लोळण घेणार. मी त्याचीच वाट बघत होते, खोटं कशाला सांगू. पण ती खाली बसली, पोरीच्या उंचीला आली, आणि साध्या आवाजात म्हणाली,

"मोठे वळायचीस का बारके?"

"मोठे."

"मंग ते मलाच पोचले आसतील, बाय. न्हाईतर मी कशी जगले आसती?"

रुमदुलचं तोंड वेडंवाकडं झालं. ती काही आईच्या गळ्यात पडली नाही. पण आईनं केळीच्या पानात बांधून आणलेला चिकट भात तिनं घेतला, दोन पावलं मागं जाऊन बसली आणि सगळा खाल्ला. आई बघत होती. शितन् शित जाईपर्यंत बघत होती.

त्यानंतर सावेत दर रविवारी यायला लागली. तिसऱ्या रविवारी रुमदुल सकाळपासनं घाटावर जाऊन बसली. आणि इथंच माझं डोकं फिरलं.

आता मी खरं सांगते. ज्या पोरींपायी वैनीच्या हातचं पाणी सोडायला निघाले होते, त्यांचा मला लळा लागला होता. कोलाप माझ्या मांडीवर बसून ताडगोळे खायची. वैनी रात्री गाणं म्हणायची, तो आवाज माझ्या ओसरीवर यायचा. आमच्या घराला घर म्हणावं असं पहिल्यांदा वाटत होतं. लिदा म्हणाली होती, आईचं घर कमिटीनं बघितलं आणि योग्य ठरवलं की पोरी परत. मला वाटलं, ह्या आंबट वासाच्या बाईकडं? दहा दिवसांत पुन्हा खरजेनं भरतील.

मी गावप्रमुख हेंगकडं गेले.

हेंग हा बायकापोरांच्या कमिटीचाही प्रमुख. पोरींच्या नावानं येणारं तांदळाचं पोतं त्याच्या घरावरनं यायचं आणि वाटेत हलकं व्हायचं. पोरी गेल्या तर पोतंही जाणार, हे त्याला चांगलं कळत होतं.

"हेंगभाऊ, ती बाई दारू पिती," मी म्हटलं.

"तू बघितलंस?"

"तोंडाला वास येतो."

वास कपड्यांना येत होता. तोंडाजवळ मी कधी गेलेच नव्हते. पण कपड्यांचं तोंड करायला मला एक शब्द लागला, आणि तो मी उच्चारला. हेंगनं कान खाजवला आणि आपल्या वहीत लिहिलं. म्हणाला, "बरं झालं बोललीस. गावाच्या लेकरांची काळजी गावानंच घ्याय पायजे." त्याच्या दातांत मासळीचा तुकडा अडकला होता. बोलताना तो हलत होता. मला त्याची किळस आली, आणि त्याच तोंडाला मी हात जोडले.

दोन रविवार हेंगच्या माणसानं सावेतला घाटावरूनच परत पाठवलं. दारुड्या बाईला भेट बंद. लिदा तेव्हा शहरात दुसऱ्या पोरांच्या मागं होती, तिला पत्ता नाही. रुमदुल दोन्ही दिवस संध्याकाळपर्यंत घाटाच्या वरच्या बांधावर बसली. नाव दिसली, आई दिसली, आणि नाव परत गेलेलीही दिसली.

दुसऱ्या दिवशी मी गवताचा भारा घेऊन बांधावरून येत होते. रुमदुल शेताच्या कोपऱ्यात पाठमोरी बसलेली. तिनं आपल्या ताटातला भात आणला होता. दोन्ही हातांनी दाबून दाबून त्याचा गोळा वळत होती, नारळाएवढा. वळून झाला, मग तो तिनं बांधावर ठेवला आणि हात जोडले.

"हे गं काय?" मी विचारलं.

"आईला," ती म्हणाली. "आता यायची न्हाई ती. मंग मेलीच आसंल."

भारा माझ्या डोक्यावरून कधी पडला मला कळलं नाही. पप्पा नावाचा जो हलकट शहरात बसला होता, त्याला मी दीड महिना शिव्या घालत होते. त्यानं ह्या पोरीकडून तीन वर्षं करून घेतलं, तेच मी पंधरा दिवसांत करून दाखवलं होतं. आणि माझ्या अंगावर तर स्वच्छ धुतलेलं लुगडं होतं.

घरी आले तर वैनी क्रामा बांधून तयार.

"आंग स्वायला जाते," ती म्हणाली. "लोक म्हनत्यात ती पिती. पीत आसंल तर तिला सोडवायला पायजे, आनी पीत नसंल तर सांगनाऱ्याला. येता का?"

सांगणारी मीच, हे तिला माहीत होतं की नाही, आजवर मी विचारलेलं नाही. मी गेले.

सावेतचं घर म्हणजे चार वासे आणि ताडपत्रांचं छप्पर, निम्मं उडालेलं. ती घरी नव्हती. शेजारणीनं भट्टीकडं बोट दाखवलं. गावच्या कडेला भाताची दारू गाळायची भट्टी होती, मागं डुकरांचा गोठा. दारू गाळून उरलेला आंबट, गरम चोथा दोन बादल्यांत भरून, कावडीनं सावेत डुकरांकडं नेत होती. डचमळून तो तिच्या पोटावर, मांड्यांवर सांडत होता. त्याला तोच वास. गोठ्यात डुकरं चिरकत होती, माश्या घोंगावत होत्या, आणि खांद्यावर कावडीनं पडलेला घट्टा आम्हाला लांबनं दिसत होता. पोटऱ्यांवर भाजल्याचे डाग.

आम्हाला बघून तिनं कावड खाली ठेवली.

"पोरींना काय झालं?" एवढंच तिनं विचारलं.

"काय न्हाई झालं," वैनी म्हणाली. "बऱ्या हायती."

"मला येऊ देत न्हाईत. म्हनत्यात पितीस. मी घोट घेतलेला न्हाई कवा. ही इथं मालकीण हाय, तिला इचारा."

"कुनाला इचारत न्हाई," वैनी म्हणाली. "तुझं रान कुठंय?"

रान अर्धा एकर, गवत माजलेलं. बैल नाही, बी नाही, आणि भट्टीवरून सुटका नाही. लावणीचा हंगाम संपत आलेला. कमिटीच्या कागदावर तीन गोष्टी होत्या: छप्पर, संडास, पिकणारं शेत. सावेतकडं तिन्हीतलं एकही नव्हतं. खुद्द हेंगच्या संडासाला दार नव्हतं आणि आत तो खताची पोती ठेवायचा. पण तो कागद हेंगसाठी नव्हता.

परत येताना नावेत मी वैनीला सगळं सांगितलं. हेंगकडं मी गेले होते ते, कपड्यांचं तोंड केलं ते. ती पाण्याकडं बघत राहिली. घाटावर उतरताना म्हणाली, "तुमच्या वाफ्यात जादा रोपं हायती न्हवं? उद्या सगळी उपटायची."

आमच्याकडं लावणी सावडीनं होते. आज सगळ्या जणी माझ्या रानात, उद्या सगळ्या तुझ्या. नदीपलीकडच्या बाईसाठी कोणी सावड करत नाही. वैनी दारोदार गेली, मागं मी. चौघी नाही म्हणाल्या. एक म्हणाली, "पोरी इकनारीच्या चिखलात मी पाय घालनार न्हाई." गावभर मीच पेरलेले शब्द ती मला परत करत होती. सात जणी तयार झाल्या. शेजारच्या म्हाताऱ्यानं आपले बैल नदी उतरवून नेले. दोन दिवसांत चिखलणी, तिसऱ्या दिवशी लावणी. सावेत कंबरेत वाकली ती उठलीच नाही. आम्ही एक ओळ लावायची तर ती दीड. छप्पर चौथ्या दिवशी झालं. संडासाचा खड्डा सावेतनं स्वतः खणला, हात फुटेपर्यंत.

मग कमिटीची बैठक देवळाच्या मंडपात भरली. लिदा आली होती. हेंगनं वही उघडली आणि वाचलं, की आई व्यसनी आहे असं गावातल्या एका भल्या बाईनं सांगितलंय, म्हणून पोरी इथंच राहाव्यात.

मी उभी राहिले.

"ती भली बाई मी," मी म्हटलं. "आनी मी खोटं बोलले."

मंडपात कुजबुज झाली. हेंग हसला. "चांतू, तूच म्हनालीस तोंडाला वास येतो."

"तिच्या तोंडाजवळ मी गेलेच न्हाई. भट्टीवर चोथा वाहती ती, कपड्यांना वास येतो. मला पोरी ठेवून घ्यायच्या हुत्या, म्हनून बोलले. आनी तुम्ही लिवून घेतलंत, कारन तुमाला पोतं ठेवून घ्यायचं हुतं."

कोणीतरी फसकन हसलं. हेंगचा चेहरा चोथ्यासारखा झाला. मग तो म्हणाला, "बायकांच्या भांडनात कमिटीनं पडू नये," आणि वही लिदाकडं सरकवली. लिदानं ते पान खोडलं. सावेत कोपऱ्यात बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. पायताणाला काही घाण लागलीय का, हे बघताना माणूस जसं बघतं, तसं बघितलं.

पोरी एकदम गेल्या नाहीत. आधी एक रात्र, मग दोन, मग आठवडा. कोलाप रडायची, म्हणून वैनी आपलं अंथरूण घेऊन सावेतच्या घरी दहा दिवस राहिली. दोघी बाया चुलीशी बसून पोरीला कोणतं कालवण आवडतं, कशानं खाज उठते, ते एकमेकींना सांगायच्या. पितरांच्या पंधरवड्यात रुमदुलनं बापासाठी पिंड वळला. एकच. आईनं विचारलं, "माझा?" तर ती म्हणाली, "तू ताटात खा की, आये." हे मला वैनीनं सांगितलं. मी तिथं नव्हते.

शेवटी निघाल्या त्या दिवशी हेंग नवा शर्ट घालून आला, दोघी पोरींच्या खांद्यांवर हात ठेवून फोटो काढून घेतलान. तो फोटो आता कमिटीच्या भिंतीवर आहे. त्या पप्पावर खटला चालू आहे म्हणतात. तो जामिनावर सुटून आला आणि त्यानं दुसऱ्या जिल्ह्यात शाळेची पाटी लावली, असंही म्हणतात. मला त्या पाटीचा विचार आला की अन्न गोड लागत नाही.

वैनीकडं सध्या दुसरं लेकरू आहे, तीन वर्षांचं, दर रविवारी त्याचा बाप येतो. मी त्याला बाज टाकते, पाणी देते, मग विचारायचं ते विचारते.

आणि दर आषाढात मी आंग स्वायला लावणीला जाते. बोलावणं कोणाचं नसतं. रुमदुल आता माझ्या खांद्याला लागते, ओळीत माझ्या शेजारी उभी राहून शाळेतल्या गोष्टी सांगते. कोलाप आजी म्हणते. सावेत बोलत नाही. तीन वर्षांत एक शब्द नाही. दुपारी सगळ्यांना जेवायला वाढते, तशी मलाही वाढते. भात इतरांएवढाच, मासळीचा तुकडा इतरांएवढाच. वाढताना तोंड तेवढं दुसरीकडं करते.

मी मान खाली घालून जेवते, ताट धुऊन पालथं घालते, आणि पुन्हा चिखलात उतरते.